सुंभ जळाला, पीळ राहिला

दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवलेली आहेत. दोन्हींत मधोमध एक उभी नळी. डावीकडच्या नळीवर आडव्या वळ्या पडल्या आहेत, एकावर एक चकत्या रचाव्यात तशा. उजवीकडच्या नळीवरही वळ्याच आहेत, पण तिरप्या. नजर एका वळीला धरून चढू लागली की ती वळी नळीला वळसा घालून मागे जाते, पलीकडून पुन्हा पुढे येते, आणि आपण गोल जिन्याने चढावं तसे वर पोचतो. दोन चित्रांत फरक एवढाच. तो पाहताना माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो विज्ञानाचा नव्हता. मी म्हणालो, "अरे, याला तर पीळ पडलाय!"

पिंपळवंडीत पीळ हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या मधलं हे कुकडीच्या खोऱ्यातलं गाव. टोमॅटोची लागण झाली की बांबू रोवायचे, तार ताणायची आणि वाढतं झाड सुतळीने बांधत वर न्यायचं, हे इथे पोराटोरांच्याही हातात बसलेलं. सुतळी तोडली की टोकाचा पीळ उलगडतो, धागे विस्कटतात, ते बोटांनी पुन्हा वळावे लागतात. पूर्वी घायपाताचा वाख काढून दोर घरीच वळत; नायलॉन आला आणि ते थांबलं. पण दोराला पीळ किती आहे, हे बोटांना अजून कळतं. त्यामुळे अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरी, सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या 'झेड' नावाच्या यंत्राच्या पोटात टिपलेलं आणि २०१३ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आलेलं ते चित्र मला परकं वाटलं नाही. या लेखात मला ते उजवं चित्र वाचायचं आहे. कविता वाचतात तसं, आधी शब्द, मग अर्थ, मग न सांगितलेलं.

नळी आणि बांगड्या

आधी नळी. बेरिलियम या हलक्या धातूची, जेमतेम पाऊण सेंटिमीटर उंच, करंगळीच्या पेराहून लहान. तिच्या भिंतीतून उभा विद्युतप्रवाह सोडतात, सुमारे २ कोटी अँपिअरचा. विहिरीवरची साडेसात हॉर्सपॉवरची मोटर दहा-अकरा अँपिअर ओढते, त्यावरून अंदाज बांधावा. हा प्रवाह शिगेला पोचायला १०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश ३० मीटर जातो आणि झेड यंत्राचा व्यास आहे साधारण ३३ मीटर. यंत्राच्या एका काठाला काय झालं याची बातमी प्रकाशाच्या हाती दिली, तरी ती दुसऱ्या काठाला पोचायच्या आत प्रवाह शिखर गाठतो.

एकाच दिशेने प्रवाह वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ओढतात, हे आपण शाळेत शिकलो. नळी म्हणजे अशा अगणित तारांची गोल रांग. प्रत्येक तार समोरचीला ओढते आणि सगळी रांग मध्याकडे कोसळते. हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने सांगता येते. प्रवाह वाहताच नळीभोवती चुंबकीय क्षेत्राच्या बांगड्या पडतात, आणि प्रवाह वाढेल तशा त्या आवळत जातात. नळीची त्रिज्या १ मिलिमीटरवर आली आणि प्रवाह २ कोटी अँपिअर असला, तर हिशोबाने या बांगड्यांचं क्षेत्र ४,००० टेस्ला भरतं आणि त्यांचा दाब वातावरणाच्या दाबाच्या ६ कोटी पटींपुढे जातो. त्याखाली धातू धातू राहत नाही. तो वितळतो, त्याची वाफ होते, अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लाझ्मा होतो. हा प्लाझ्मा मधोमध येऊन आपटला की वेगाची उष्णता होते, आणि इतक्या तापलेल्या वस्तूचा उजेड डोळ्यांना दिसणारा नसतो. तो क्ष-किरणांचा असतो.

या आवळण्याला पिंच म्हणतात, म्हणजे चिमटा. उभ्या अक्षाला गणितात झेड हे अक्षर, म्हणून झेड-पिंच, आणि त्यावरूनच यंत्राचं नाव. चिमट्याची उकल मात्र यंत्रामुळे झाली नाही, आभाळातल्या विजेमुळे झाली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या एका रॉकेल शुद्धीकरण कारखान्यावर वीज पडली आणि वीजरोधकाची तांब्याची पोकळ नळी चुरगळून गेली. १९०५ साली सिडनी विद्यापीठाच्या पोलॉक आणि बॅराक्लो यांनी ती नळी तपासून सांगितलं की तिला बाहेरून कुणी दाबलेलं नाही. विजेचा प्रवाह स्वतःच्याच चुंबकत्वाने तिला आवळून गेला आहे. स्वतःच्या वाहण्याने स्वतःला पिळून घेणारी वस्तू. पुढच्या शंभर वर्षांचं नाट्य या एका ओळीत होतं.

उजेडात उजेड

आता चित्र काढलं कसं, ते पाहू. रसिकाने तंत्राकडे पाठ फिरवू नये. इथे तर तंत्रच अर्धं सौंदर्य आहे. जी वस्तू स्वतःच झळाळून उठणार, तिचं छायाचित्र घ्यायचं कसं? सूर्याकडे तोंड करून उभ्या माणसाचा चेहरा टिपता येतो, खुद्द सूर्याच्या पृष्ठभागावरची रेघ टिपणं वेगळं. सँडियाच्या संशोधकांनी एक मोठा लेसर मँगनीजच्या पातळ पत्र्यावर मारला. त्यातून विशिष्ट ऊर्जेचे क्ष-किरण निघाले, ६.१५१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. ते कोसळत्या नळीतून आरपार गेले आणि पलीकडे क्वार्ट्झच्या बाक दिलेल्या स्फटिकाने फक्त तीच एक ऊर्जा निवडून फिल्मवर आणली. बाकीचा सगळा झगमगाट बाहेर राहिला. जत्रेच्या गर्दीत आईला आपल्या लेकराचाच आवाज ऐकू यावा, तसं.

बेरिलियमची निवडही मुद्दाम केलेली. हा धातू क्ष-किरणांना फारसा अडवत नाही, त्यामुळे नळीच्या भिंतीची बाहेरची बाजू तर दिसतेच, आतली बाजूही दिसते. हे चित्र वस्तूवर पडलेल्या उजेडाचं नाही, वस्तूने अडवलेल्या उजेडाचं आहे. जिथे दाट तिथे सावली गडद. म्हणजे आपण पाहतो आहोत ती छाया आहे, आणि तीही अशा वस्तूची जी दोनचार अब्जांश सेकंदांनी तशी उरलेली नसते. यंत्राचा मधला भाग प्रत्येक प्रयोगात उडून जातो. पुढच्या वेळी नवी नळी, नवं सगळं. गायकाची तीच बंदिश दुसऱ्या मैफिलीत दुसरी असते, इथेही दोन प्रयोगांची सावली एक नसते. म्हणूनच दोन चित्रं शेजारी ठेवण्याला अर्थ आहे: जे दर वेळी बदलतं ते सोडून, जे मुद्दाम बदललं तेवढंच पाहायचं.

फडक्याचे धागे

डाव्या चित्रातल्या वळ्या हा दोष आहे. नळी सगळीकडून सारखी आवळली जावी, गुळगुळीत राहावी आणि शेवटी एका उभ्या रेषेवर यावी, ही इच्छा. पण तसं होत नाही. पृष्ठभागावरची एखादी नगण्य खोच वाढत जाते, शेजारचा उंचवटा मागे राहतो, आणि नळीची माळ होते. मण्यामण्यांच्या मधली गळ्याची जागा अधिकच आवळली जाते, कारण त्रिज्या कमी तिथे बांगडी घट्ट. शेवटी नळी एकसंध कोसळतच नाही. ठिकठिकाणी, वेगवेगळ्या वेळी, तुकड्यातुकड्यांनी कोसळते. क्ष-किरणांचा एक लखलखीत ठोका यायचा तिथे पसरट, विस्कळीत उजेड येतो.

हे का होतं ते समजायला लहानपणचा एक खेळ आठवावा. पेला काठोकाठ भरून पालथा केला की पाणी सांडतं. वजनामुळे सांडतं, असं आपण म्हणतो, पण ते पुरतं खरं नाही. हवेचा दाब दहा मीटर उंच पाणी तोलून धरतो. पेल्यातलं वीतभर पाणी त्याला जड नाही. पाणी सांडतं ते त्याचा पृष्ठभाग सपाट राहत नाही म्हणून. एके जागी ते जरा खाली येतं, दुसऱ्या जागी हवा जरा वर घुसते, खालचं आणखी खाली जातं, वरचं आणखी वर. आता पेल्याच्या तोंडाला मलमलचं ओलं फडकं ताणून बांधा आणि पालथा करा. फडक्याला हजार भोकं आहेत, तरी पाणी राहतं, कारण धागे पृष्ठभागाला मोठी सुरकुती पडू देत नाहीत.

हलकं द्रव्य जड द्रव्याला तोलत किंवा ढकलत असेल तर मधली सीमा अशी विस्कटते, हे लॉर्ड रॅली यांनी १८८३ साली आणि जेफ्री टेलर यांनी १९५० साली दाखवलं. १९५४ साली क्रुस्कल आणि श्वार्ट्सशिल्ड यांनी हाच न्याय प्लाझ्माला लावला: तिथे तोलणारं असतं चुंबकीय क्षेत्र, ज्याला वजनच नाही. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९६१ सालच्या आपल्या जाडजूड ग्रंथात अशा स्थैर्याचं सगळं शास्त्र मांडून ठेवलं. त्या साऱ्या गणितातून रसिकाने उचलावी अशी गोष्ट एकच. चुंबकीय रेषा ताणलेल्या धाग्यासारखी वागते. सुरकुतीने तिला ओलांडायचं म्हटलं की रेषा वाकवावी लागते, आणि ती वाकायला विरोध करते. सुरकुती रेषेच्या दिशेनेच पडली तर मात्र रेषेला वाकावंच लागत नाही. ती नुसती बाजूला सरकून वाट देते. नऊवारीच्या निऱ्या धाग्याला धरून घातल्या की चापूनचोपून बसतात, तिरक्या घातल्या की कापड अडून बसतं. तोच नियम.

आता डावं चित्र पुन्हा पाहा. बांगड्या आडव्या, म्हणून वळ्या आडव्या. दोषाने आपली वाट धाग्याच्या दिशेने काढली आहे. बांगड्यांनी उभ्या सुरकुत्या अडवल्या, पण आडव्यांना त्यांनीच वाट करून दिली. जे आवळतं, तेच फट ठेवतं.

उजवं चित्र

मग संशोधकांनी काय केलं? नळीत आणि नळीभोवती आधीच उभं चुंबकीय क्षेत्र भरून ठेवलं, काही प्रयोगांत ७ टेस्ला, काहींत १०. उभे धागे. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्रात दीड टेस्ला असतं, त्या मानाने हे बरंच. पण पुढे येणाऱ्या हजारो टेस्लाच्या बांगड्यांपुढे किरकोळ. आता आडव्या बांगड्या आणि उभे धागे मिळून जी रेषा होते ती ना आडवी, ना उभी. ती नळीभोवती मळसूत्रासारखी चढते. आणि दोषाला वाट काढायची तर याच रेषेच्या दिशेने काढावी लागते. उजव्या चित्रातल्या तिरप्या वळ्या म्हणजे डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या चुंबकीय रेषांनी धातूवर स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ आहे.

इथे मला या चित्राचा पहिला मोठेपणा दिसतो. दोष नाहीसा झालेला नाही. चित्राने तसा आवही आणलेला नाही. वळ्या आहेत, ठसठशीत आहेत. पण त्यांना वळण लागलं आहे. आपल्या भाषेत वळण या शब्दाला दोन अर्थ आहेत, रस्त्याचं वळण आणि मुलाला लावायचं वळण. या चित्रात ते दोन्ही एका जागी भेटतात. सुट्या सुट्या कड्यांची माळ कुठेही तुटू शकते, कारण प्रत्येक गळा स्वतंत्र असतो. मळसूत्री वळीला सुटा गळाच नसतो. ती एकच लांब रेघ असते, वरपासून खालपर्यंत. दोर तरी वेगळं काय करतो? प्रत्येक धागा अपुरा, आखूड, कच्चा असतो. पीळ दिला की त्यांचा कच्चेपणा एकमेकांत वाटला जातो.

दुसरा मोठेपणा एका कोड्यात आहे, आणि माझ्या मते चित्राचा ध्वनी, न सांगितलेला अर्थ, तिथेच आहे. हिशोब करून पाहा. उभं क्षेत्र ७ टेस्ला आणि बांगड्यांचं हजारो टेस्ला, तर दोन्ही मिळून होणारी रेषा जवळजवळ आडवीच पडायला हवी, तिरपेपणा डोळ्यांना जाणवूही नये. चित्रातल्या वळ्या मात्र चांगल्या उतरत्या आहेत. एवढा तिरपेपणा शोभावा अशी दोन क्षेत्रांची बरोबरी फार आधी होती, जेव्हा प्रवाह जेमतेम लाखभर अँपिअर होता, म्हणजे शिखराच्या दोनशेव्या हिश्श्याएवढा. तेव्हा नळी अजून नळी होती, कोसळायला लागलीही नव्हती.

मग इतक्या उशिरा घेतलेल्या चित्रात हा तिरपेपणा आला कुठून? काहींच्या मते धातू तापू लागताना, अगदी आरंभी, असमान तापण्याच्या रेघा त्या वेळच्या क्षेत्राच्या दिशेने उमटल्या आणि पुढे त्याच खोल होत गेल्या. काहींच्या मते नळीबाहेरचा विरळ प्लाझ्मा उभ्या क्षेत्राला आपल्याबरोबर ओढत आणतो आणि नळीपाशी दाबून वाढवतो, त्यामुळे उभे धागे आपण समजतो तेवढे दुबळे राहत नाहीत. यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण पहिला अर्थ घ्यायचा तर आपल्याकडे त्याला कधीचं वाक्य तयार आहे: सुंभ जळेल, पण पीळ जळणार नाही. हट्टी माणसाला हिणवायला वापरलेली ही म्हण इथे अक्षरशः खरी होते. धातूचा सुंभ जळून प्लाझ्मा झाला, दाब कोटींनी वाढला, बांगड्या शेकडोपट दणकट झाल्या. पण आरंभीच्या त्या क्षणी, सगळं कोवळं असताना, किरकोळ क्षेत्राने दिलेला पीळ तसाच राहिला.

गण आधी, वग नंतर

या प्रयोगाची लय ऐकण्यासारखी आहे. उभं क्षेत्र भरणारी वेटोळी आपलं काम सावकाश करतात, हजारांश सेकंदांच्या हिशोबात. सावकाशीला कारण आहे. क्षेत्र झटक्याने आणलं तर धातू त्याला आत येऊ देत नाही. वेळ दिला तर ते धातूच्या भिंतीतून मुरत आत जातं, मातीत पाणी मुरावं तसं. सगळीकडे सारखं मुरलं की मग मुख्य प्रवाह येतो, १०० नॅनोसेकंदांचा. आता गोष्ट उलटते. आत मुरलेल्या क्षेत्राला बाहेर पडायला तेवढाच निवांत वेळ हवा, आणि तो आता नाही. ते अडकतं आणि नळीबरोबर दाबलं जातं. त्रिज्या तिसाव्या हिश्श्यावर आली आणि क्षेत्र अजिबात निसटलं नाही, तर ते नऊशेपट होतं: १० टेस्लाचे ९,००० टेस्ला. विलंबितात घेतलेला स्वर द्रुतात असा कामी येतो.

नारायणगाव आमच्या शेजारी. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात तेव्हा तमाशाच्या फडांच्या राहुट्या तिथे लागतात. तमाशाचा जाणकार सांगेल, वग कितीही रंगणार असो, गण आधी झाला पाहिजे. गणात गोष्ट पुढे सरकत नाही, पण त्याने उभा केलेला ताल शेवटपर्यंत पायाखाली राहतो. उभं क्षेत्र हा या प्रयोगाचा गण. २०१४ साली सँडियाच्या संशोधकांनी संमीलनाचा, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जोडण्याचा, पूर्ण खेळ उभा केल्याचं प्रसिद्ध केलं: आधी क्षेत्र भरायचं, मग नळीतला ड्यूटेरियम वायू लेसरने तापवायचा, मग नळी आवळायची. नळीची भिंत सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर वेगाने आत आली. पिंपळवंडीहून पुणे सेकंद-सव्वा सेकंदात. शेवटी मधोमध जो उरला तो केसाच्या जाडीच्या आसपासचा उभा धागा, तापमान ३ कोटी अंशांच्या घरात. त्या धाग्याच्या क्ष-किरण चित्रातही अंधूकसा पीळ दिसतो.

गाठ किती घट्ट?

आता चित्राबाहेरचा, पण चित्राशी बांधलेला प्रश्न. उभं क्षेत्र इतकं गुणी, तर आणखी भरपूर का भरू नये? क्ष-किरणांचे स्रोत बनवणाऱ्यांची अडचण इथेच सुरू होते. नळीऐवजी केसाच्या दशांश जाडीच्या शेकडो टंगस्टन तारांचा पिंजरा असो, नाहीतर आर्गॉनसारख्या वायूचा फवारा असो, सगळ्यांना शेवटी प्लाझ्मा जास्तीत जास्त आवळून, जास्तीत जास्त तापवून हवा असतो. पण उभं क्षेत्रही प्लाझ्माबरोबर दाबलं जातं, आणि दाबलेली स्प्रिंग उलट रेटा देते. आवळण्याची ताकद प्लाझ्मा तापवण्याऐवजी क्षेत्र दाबण्यात खर्च होते. क्षेत्र कमी असलं तर दोष माजतो, जास्त झालं तर प्लाझ्मा नीटनेटका राहतो पण पुरता आवळत नाही, आणि हवे ते क्ष-किरण मिळत नाहीत.

टोमॅटोची बांधणी करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. सुतळी घट्ट आवळली तर खोडाला काच बसतो, सैल ठेवली तर फळ धरल्यावर झाड लोळतं. बांधणी बेताची हवी, आणि तो बेत झाडागणिक ठरतो.

या बेतावर एक देखणी युक्ती निघाली आहे. नळीतून गेलेला प्रवाह परत नेणारे खांब नळीभोवती उभे असतात. ते सरळ न ठेवता मळसूत्रासारखे तिरपे ठेवले, तर बाहेरच्या क्षेत्रालाच पीळ बसतो. नळी आकसत जाते तशा बांगड्या वाढतात, उभा भाग तेवढा वाढत नाही, म्हणून पिळाची दिशा क्षणाक्षणाला फिरत राहते. दोषाने एक वाट धरावी तोवर वाटच बदललेली असते. कॉर्नेल विद्यापीठातल्या 'कोब्रा' नावाच्या यंत्रावर हे करून पाहिलं गेलं, दोष वाढण्याला खरोखर आळा बसला, आणि ते २०२० साली प्रसिद्ध झालं. उजव्या चित्रात पीळ ही एक घट्ट आठवण आहे. या नव्या प्रयोगात आठवण बसूच नये म्हणून पीळ फिरता ठेवला आहे. उजव्या चित्रावर या प्रयोगाने केलेलं हे भाष्य मला फार आवडतं.

खोडदचे दोर

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं, असं कुणी म्हणेल. पण नारायणगावातून पूर्वेला वळलं की खोडद आहे. तिथे आणि आसपासच्या शिवारांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण पसरली आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी जवळजवळ, १६ तीन लांब हातांवर. दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या नाहीत. पोलादी चौकटींमध्ये तारेचे दोर ताणले आणि त्या दोरांना बारीक तारेची जाळी बांधली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. लांब तरंगलांबीच्या लहरींना ही जाळी भरीवच वाटते, जसं पालथ्या पेल्यातल्या पाण्याला फडकं वाटतं.

आणि ही दुर्बीण ऐकते काय? बऱ्याच वेळा, चुंबकीय रेषांभोवती पीळ घेत धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा आवाज. २०२० साली भुजंगधारी तारकासमूहातल्या एका दीर्घिकासमूहाची बातमी आली. तिथल्या तप्त वायूत क्ष-किरणांच्या दुर्बिणींना एक मोठी पोकळी दिसली होती, आणि जीएमआरटीसह इतर रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींत ती रेडिओ लहरींनी भरलेली आढळली. तप्त प्लाझ्मा क्ष-किरणांनी बोलतो, वळसे घेणारे इलेक्ट्रॉन रेडिओने. अल्बुकर्कीतली नळी आणि आकाशातली ती पोकळी यांच्या मापांत तुलनाच नाही, पण भाषा तीच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच कुलाब्यातल्या प्रयोगशाळेत जी. रवींद्रकुमार आणि सहकाऱ्यांनी लेसरचा क्षणिक झोत घन वस्तूवर मारून तयार झालेल्या प्लाझ्मातली कोट्यवधी गॉसची चुंबकीय क्षेत्रं मोजली आहेत. संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांनी १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून भाकीत केलं होतं की दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. ती आली नाही. का आली नाही याच्या कारणांत डाव्या चित्रातल्या त्या आडव्या वळ्यांचा वाटा मोठा आहे.

एक आक्षेप

रसग्रहणात दोष सांगावेत. चित्राचा दोष असा नाही, पण चित्रामागच्या घराचा आहे. सँडिया ही अमेरिकेच्या अण्वस्त्र कार्यक्रमातली प्रयोगशाळा. झेडचे क्ष-किरण शस्त्रांच्या भागांवर किरणांचा काय परिणाम होतो हे तपासायलाही लागतात. त्याच किरणांनी लोखंड सूर्याच्या पोटातल्यासारखं तापवून पाहिलं, तेव्हा ते अंदाजापेक्षा अधिक उजेड अडवतं असं आढळलं. २०१५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या त्या निष्कर्षाने सूर्याची गणितं पुन्हा उघडावी लागली. दोर मोट ओढायलाही लागतो आणि फासालाही. पिळाला त्याचं काही नसतं, पाहणाऱ्याला असावं.

हे चित्र कधी समोर आलं तर एक करावं. आधी नळीकडे पाहू नये. ती नाहीच, तिची सावली आहे. वळ्या मोजत बसू नये. फक्त एका वळीवर बोट ठेवावं आणि ती आडव्या रेषेशी किती कोन करते ते पाहावं. तो कोन कोसळण्याच्या क्षणाचा नसावा. प्रवाह अजून लाखभर अँपिअर होता, धातू अजून थंड होता, तेव्हा कुठेतरी तो ठरला असावा. बोट वळीवरून वर नेत गेलं की सुतळीचं टोक वळताना होतं तसं ते आपोआप फिरू लागतं.